सोडलेल्या प्रश्नांचा रकाना

“तीनशेत पासष्ट. आता अजून काय बघायचं ऱ्हायलंय?” रणजितने मोबाईल चटईवर पालथा टाकला. “उद्या सकाळी गाडी काढतो. हिची गादी बांधून ठेवा. पुण्याच्या क्लासला नेऊन सोडतो.”

“पुण्यात काय निराळं पाणी पाजत्यात व्हय?” आप्पासाहेब खुर्चीतून म्हणाले. “पोरगी हितं मन लावंना, तितं काय लावणार हाय?”

“आप्पा, मी लावते मन,” रणजितची मुलगी राजेश्वरी म्हणाली.

“दिसतंय की. पासष्ट एवढं.”

“तुमी तर बोलूच नका आप्पा,” रणजित वडिलांवर घसरला. “दर रविवारी तुमीच तिचा पेपर बघता. चार महिने झाले, ‘पोरीनं काम चोख केलंय’ म्हणताय. कुठंय चोख?”

“मी बघतो तेवढं चोखच हाय. बाकीचं मला काय कळतंय?”

“डाळजच्या दाजींचं पोरगं तितं गेलं. दोन महिन्यांत दीडशेच्या वर. फोनवर बोललोय मी. जागा धरून ठेवलीय त्यांनी, उद्या दुपारपर्यंत.”

रणजितची बायको जयवंता उंबऱ्याशी बसून मेथी निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं, “जायच्या आधी किती होतं त्याला?”

“कुणाला?”

“दाजींच्या पोराला.”

“त्ये काय मी विचारलं न्हाय,” रणजित म्हणाला. “तुझं आपलं काहीतरीच असतं.” तो चप्पल घालून बाहेर गेला. उसाची तोड सुरू होती, ट्रॅक्टर कारखान्यावर जायचा होता. आप्पासाहेबांनी टीव्ही लावला. राजेश्वरी तिथेच भिंतीला टेकून बसून राहिली.

आधी किती होतं, हा प्रश्न जयवंताला सवयीने सुचला होता. सणसरच्या दूध संकलन केंद्रावर ती तेरा वर्षं फॅट तपासायचं काम करते. सकाळी पाच ते आठ आणि संध्याकाळी पाच ते सात. किटली आली की दूध ढवळायचं, नमुना काढायचा, मशीनला लावायचा, येईल तो आकडा सांगायचा. आकडा कमी आला की समोरचा माणूस आधी मशीनला नावं ठेवतो, मग तिला. ती वाद घालत नाही. “चला, तुमच्यासमोर परत लावू,” म्हणते आणि लावते. आकडा तोच आला तर विचारते, काल किती होतं, परवा किती होतं, वैरण बदलली का, गाय व्यायला किती दिवस आहेत. गावातले काही पुरुष तिला मागून मास्तरीण म्हणतात. तिच्यापर्यंत ते पोचलेलं आहे.

माहेर वडगाव निंबाळकरचं. बारावी सायन्स तिने रोज एसटीने बारामतीला जाऊन केलं, एकाहत्तर टक्के पडले. पुढचं कुणी विचारलं नाही आणि तिनेही काढलं नाही. लग्न होऊन सणसरला आली, आज चव्वेचाळीस वर्षांची आहे. याचं तिला दुःख आहे की नाही हे घरात कुणाला माहीत नाही. राजेश्वरी अकरावीला गेली तेव्हा जयवंताने एकदा तिचं फिजिक्सचं पुस्तक उघडलं होतं. फिरत्या चाकांच्या धड्यापर्यंत आली आणि मिटून जागेवर ठेवलं.

राजेश्वरीने बारावीबरोबर इंजिनिअरिंगची मोठी प्रवेश परीक्षा दिली, त्यात फार काही जमलं नाही. रणजितने एक वर्ष थांबायला परवानगी दिली. एकच. जानेवारीत एक परीक्षा, एप्रिलमध्ये दुसरी. त्यात नाही जमलं तर बीएस्सीला नाव घालायचं, हे जूनमध्येच ठरलेलं. बारामतीत क्लास, क्लासचंच होस्टेल. दर शनिवारी सराव पेपर. पेपर झाला की ती एसटीने घरी यायची, रविवारी सकाळी निकाल रणजितच्या मोबाईलवर यायचा, रणजित तो छापून आणायचा आणि सोमवारी पहिल्या गाडीने ती परत जायची. आता डिसेंबर लागला होता. जानेवारीच्या परीक्षेला सात आठवडे उरले होते.

निकालाचा कागद आप्पासाहेब वाचायचे. नातीवर त्यांचा जीव होता आणि तिच्या अभ्यासात आपलाही हात असावा असं त्यांना वाटायचं. गणित, फिजिक्स, केमिस्ट्री यातलं त्यांना काही कळायचं नाही, पण एक रकाना कळायचा: सोडलेले प्रश्न. जुलैत पहिल्या पेपरला त्या रकान्यात अडतीस आले होते. आप्पासाहेबांनी चष्मा काढून तिच्याकडे बघितलं होतं.

“अडतीस जागा मोकळ्या? अगं, उसात चार डोळे उगवले न्हायत तर आमाला झोप लागत न्हाय. नांग्या भरून घ्याव्या लागत्यात. सरीत मोकळी जागा दिसली की समजायचं, त्या घरात माणसं आळशी हायत.”

आप्पासाहेबांच्या उसात मोकळी जागा कधी दिसली नव्हती. लागणीनंतर महिनाभराने ते स्वतः रोपांचं ताट घेऊन सरीसरीने फिरायचे आणि जिथे उगवण नाही त्या नांगीत रोप खोचायचे. एकरी टनेजला एकदा कारखान्याने त्यांचा सत्कारही केला होता. त्यांचं बोलणं घरात सगळ्यांना पटलं. पुढच्या पेपरला रकान्यात बारा आले, त्याच्या पुढच्या पेपरला शून्य. तेव्हापासून शून्यच. आप्पासाहेब शून्य बघायचे आणि कागद समाधानाने घडी घालून परत द्यायचे.

मेथी निवडून झाली. जयवंताने भाजी टोपलीत टाकली आणि लेकीला म्हणाली, “तुझी बॅग आण.”

“बांधायला?”

“आण तर.”

मधल्या खोलीत, म्हणजे आप्पासाहेबांच्या खोलीत, पलंगावर तिने सगळं ओतलं. आप्पासाहेब बाहेर टीव्हीसमोर होते. निकालाचे कागद तारखेने लावले होते. त्याखाली पेपर सोडवताना आकडेमोड करायचे कच्चे कागद, स्टेपल मारून ठेवलेले. राजेश्वरी काही टाकून देत नसे.

“कालचा कुठला?”

राजेश्वरीने दोन्ही काढून दिले. जयवंता पलंगाच्या कडेला बसली आणि बोट ठेवून मोजायला लागली. फिजिक्स तिला येत नव्हतं, मोजता येत होतं. दोनदा मोजलं.

“प्रश्न पंच्याहत्तर. उत्तरं पंच्याहत्तर. आकडेमोड चौतीसचीच हाय. बाकीची तोंडी केलीस?”

राजेश्वरीने कागदांच्या कडा जुळवल्या.

“तोंडी केलीस का?”

“तुक्के आहेत ते.”

“एक्केचाळीस?”

“आप्पा बघतात ना तो रकाना.”

बाहेर टीव्हीवर बाजारभाव सांगत होते. जयवंताने पेन मागितलं.

“गुण कसे देत्यात ते सांग. सावकाश.”

“बरोबर आलं की चार. चुकलं की एक वजा. सोडलं तर काही नाही. शून्य.”

“सोडलं तर काही कापत न्हायत?”

“नाही.”

मग दोघींनी कालचा पेपर दोन ढिगांत मांडला: खरे सोडवलेले आणि ठोकून दिलेले. ठोकलेल्या एक्केचाळीसमध्ये पाच बरोबर आले होते, छत्तीस चूक. त्यातल्या बारा प्रश्नांना तर पर्यायच नव्हते, थेट आकडा लिहायचा होता. तिथेही राजेश्वरीने एक, दोन, शून्य असं काहीतरी लिहून टाकलं होतं. वीस मिळाले, छत्तीस गेले. सोळाचा तोटा.

“आणि ह्यांत वेळ किती गेला?”

“वाचायला तरी लागतात. तासभर गेला असेल.”

“आणि हे चौतीस?”

चौतीसमध्ये तेवीस बरोबर, अकरा चूक. जयवंता त्या अकरांवर थांबली. हे प्रश्न मुलीला येत होते, पानभर आकडेमोड होती, तरी चूक. तिने एकेक कच्चा कागद पुढे सरकवला. “कुठं चुकलं ते दाखव. शिकवू नको मला, फक्त जागा दाखव.”

राजेश्वरीने पाच मिनिटं पहिल्यावर घालवली. मग म्हणाली, “इथे. वजाचं अधिक झालं.” दुसऱ्यात शेवटच्या ओळीत सेंटिमीटरचे मीटर करायचे राहिले होते. तिसऱ्यात परत अधिक-वजा. चौथ्यात प्रश्नात विचारलं होतं एक आणि तिने काढलं होतं त्याच्या निम्मं. अकरापैकी सात जागा या तीनच प्रकारांतल्या निघाल्या. जयवंताने आधीच्या आठवड्याचा पेपर ओढला. तिथेही तेच. त्याच्या आधीच्यातही.

“हे तुला ठाऊक होतं?”

“थोडंफार.”

“सर काय म्हणत न्हायत?”

“दोनशे पोरं आहेत मम्मी. सरांनी माझा धडावार तक्ता बघितला तर त्यात सगळीकडे लालच दिसतं. सगळंच कच्चं म्हणतात.”

“सगळंच कच्चं कसं असंल? तू सगळीकडं काहीबाही लिहून ठेवलंयस म्हणून लाल हाय. तुला काय येतं अन काय येत न्हाय, हे त्यांना ह्या कागदावरून कळणारच न्हाय. चुकलेलं परत कधी बघतेस?”

राजेश्वरी जरा हसली. “एसटीत. सकाळी सात ते दुपारी एक क्लास. दोन ते पाच शंका विचारायच्या. सहा ते दहा हॉलमध्ये बसायचं, सक्तीचं. सोमवारी नवा धडा सुरू होतो, मागचा पेपर मागेच राहतो.”

“पुण्यात काय असंल?”

“क्रॅश कोर्स. पहिल्या धड्यापासून. मला सगळं एकदा शिकवून झालंय मम्मी. परत शिकवलं तरी मी त्याच ठिकाणी चुकणार.”

जयवंताला स्वयंपाकघरातलं कॅलेंडर आठवलं. गॅसच्या वर टांगलेल्या त्या कॅलेंडरवर तिच्याच अक्षरात रोजचे आकडे होते. अकरा, साडेअकरा, बारा. रोज रात्री दहानंतर फोन करून ती एकच विचारायची, आज किती तास बसलीस, आणि तारखेच्या चौकोनात लिहायची. दुधाला कुणी फॅट न लावता नुसते लिटर सांगितले तर तिने ऐकून घेतलं नसतं. लेकीच्या बाबतीत पाच महिने तिने लिटरच लिहिले होते.

“अकराच्या अकरा बरोबर आले असते तर?” तिने विचारलं.

राजेश्वरीने मनात केलं. “तुक्के सोडले तर एक्याऐंशी. त्यात हे अकरा बरोबर धरले तर एकशे छत्तीस.”

“एकही नवीन धडा न शिकता.”

“हो.”

“तुला काय पायजे ते सांग आता. मोकळं सांग.”

“मला क्लासचा फक्त शनिवारचा पेपर पाहिजे,” राजेश्वरी म्हणाली. “बाकी मला बसून चुका काढायच्या आहेत. प्रत्येक चूक एका वहीत. का चुकली, ते समोर. दर तिसऱ्या दिवशी तेच प्रश्न परत कोऱ्या कागदावर. हे मला जुलैपासून करायचं होतं. पण घरी इथे...” ती थांबली. बाहेर टीव्हीचा आवाज वाढला होता आणि आप्पासाहेबांकडे कुणीतरी आलं होतं, ऊसदरावर बोलणं चाललं होतं.

चारला रणजित परत आला. जयवंताने चहा टाकला. पाहुणे गेले होते. चौघं चहाला बसली तेव्हा तिने कालचा निकाल आप्पासाहेबांच्या पुढ्यात ठेवला. सासऱ्यांना ती मामा म्हणते.

“मामा, नांगी भरताना तुमी काय लावता?”

“रोप. त्याच जातीचं.”

“हाताला लागंल ते गवत खोचलं तर?”

“कुणी खोचतं का?”

“हिनं खोचलंय. एक्केचाळीस ठिकाणी. तुमाला मोकळी जागा दिसू नये म्हणून.” मग तिने चार, एक आणि शून्याचा हिशेब जसा ऐकला तसा सांगितला. एक्केचाळीसचं काय झालं आणि अकरांचं काय झालं तेही. आवाज केंद्रावर असतो तेवढाच होता.

आप्पासाहेबांनी कागद उचलला, त्या रकान्यातल्या शून्याकडे बघितलं. “आमाला काय ठाऊक,” ते म्हणाले. मग कागद घडी न घालताच परत देत नातीला म्हणाले, “सांगायचं की गं, बाळा.”

“तुम्ही खूश व्हायचात,” राजेश्वरी म्हणाली.

रणजितने बशी खाली ठेवली. “ते सगळं ठीक हाय. पण ते पुण्याचं? त्यांनी जागा धरलीय. मी शब्द दिलाय.”

“फोन करून सांगा, येत न्हाय.”

“अन उद्या परत साठच आले तर? जबाबदारी कुणाची?”

“तिची,” जयवंता म्हणाली. “निम्मी माझी.”

“घरात बसून कुणी पास झालंय का? क्लासमध्ये निदान चार पोरं बघून पोरगी बसती. हितं दिवसभर माणसांची ये-जा, टीव्ही, फोन. कुठं बसणार?”

 जयवंताने कप गोळा केले, एकात एक ठेवले. पावणेपाच झाले होते आणि केंद्रावर किटल्या यायला लागल्या असणार. ती उभी राहिली, पदर खोचला आणि कुणा एकाकडे न बघता सांगितलं:

“राजेश्वरी पुण्याला जायची न्हाय. बारामतीलाबी फक्त शनिवारी, पेपरला. होस्टेलवरचं सामान उद्या तुमी गाडीत घालून आणायचं. मधली खोली परीक्षा होईपर्यंत तिची. मामांचा पलंग आज रात्रीच बाहेरच्या सोप्यात घ्यायचा, टीव्ही गोठ्याजवळच्या खोलीत. निकाल तिच्याच मोबाईलवर येईल. तिनं दाखवल्याशिवाय तो कुणी मागायचा न्हाय. तुमी न्हाय, मामांनी न्हाय, मीबी न्हाय.”

“पलंग जड हाय,” आप्पासाहेब म्हणाले.

“दोघं मिळून उचला,” ती म्हणाली आणि केंद्रावर गेली.