कंप्लेंट क्लोज

तुमच्या गीझरजवळची बारीक नळी थेंब थेंब गळायला लागली, तर तुम्ही काय कराल? प्लंबरला बोलावून गळती बंद करून घ्याल ना? नजमाभाभींनी तेच केलं होतं. आमच्या कंपनीने तेच करून दिलं होतं.

मी तेव्हा दुबईत एका मेन्टेनन्स कंपनीत सुपरवायझर होतो. ऑफिस अल क्वोजला, गोदामाच्या माडीवर. नोव्हेंबर संपत आला होता, हवा नुकतीच गार झाली होती. सकाळी पेजर वाजला. नंबर आमच्याकडे मेन्टेनन्स असलेल्या एका व्हिला कंपाउंडमधला. फोन लावला, तर पलीकडे दापोलीच्या नजमाभाभी.

"भाऊ, कालपासून हीटर लावलाय. तो गुरगुरतोय. नळ सोडला की पाण्याच्या आधी वाफ येते."

मागून त्यांची मुलगी ओरडली, "अंकल, इट्स ग्राउलिंग!"

"भाभी, मेन स्विच बंद करा. नळाला हात लावू नका. सगळे घराबाहेर या. आत्ता."

मी पोचलो तेव्हा मायलेकी फाटकाशी उभ्या होत्या. मुलीच्या केसांत अजून शाम्पूचा फेस होता. हीटर, म्हणजे आपला गीझर, होता बाथरूमच्या फॉल्स सीलिंगवर, ती आंघोळ करत होती तिथे बरोबर तिच्या डोक्यावर.

आधी हे यंत्र समजून घ्या. हीटर म्हणजे पाण्याने गच्च भरलेला, चहूकडून बंद सिलिंडर. पाणी तापलं की फुगतं. त्याला मागे पाइपमध्ये जायची वाट नसते. म्हणून एक सेफ्टी वॉल्व बसवतात. जास्तीचं पाणी त्याच्या बारीक नळीतून बाहेर पडतं. ते थेंब म्हणजे बिघाड नव्हे, तो हीटरचा श्वास आहे. आणि ठरलेल्या तापमानाला वीज तोडायला थर्मोस्टॅट असतो. दोन राखणदार. एक झोपला तरी दुसरा जागा हवा.

हीटर थंड झाल्यावर मी वर चढलो. थर्मोस्टॅट चिकटला होता, वीज तुटतच नव्हती. आणि नळीच्या तोंडात प्लग होता, आट्यांचं बूच. टेफ्लॉन टेप गुंडाळून, घट्ट आवळून, अगदी मन लावून बसवलेला. कुकरची शिट्टी बुजवून खाली गॅस मोठा करावा, तसं.

हीटरला सर्व्हिस कार्ड टांगलेलं होतं. मार्चची नोंद: 'लीक क्लोज्ड. ओके.' जुलैची नोंद, वार्षिक सर्व्हिसिंगची: 'ओके.'

प्लग मारणारा आमचा प्लंबर महादूदादा, राजापूरकडचा. त्याला विचारलं.

"साहेब, भाभींच्या सीलिंगला डाग पडत होता. ऑफिसातनं रोज फोन, कंप्लेंट क्लोज कर, क्लोज कर. केली क्लोज."

"दादा, ती नळी कशाला असते?"

"पाणी गळायला," तो म्हणाला. मग थांबला. "म्हणजे... गळायलाच हवं होतं?"

त्याच्यावर काय चिडणार? कंपनीने त्याला युनिफॉर्म दिला होता, पाना दिला होता. ती नळी कशासाठी असते, हे मात्र कुणी एका वाक्यात सांगितलं नव्हतं.

माझा संताप होता त्या जुलैच्या 'ओके'वर. तिथला उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना माहीत आहे, जूनपासून गच्चीवरची टाकी इतकी तापते की थंड नळाचं पाणी अंग भाजतं. मग लोक हीटर बंद करून त्यातलंच पाणी वापरतात. हीटर घरात, एसीच्या गारव्यात, म्हणून त्यातलं पाणी जरा सुसह्य. आणि आमचं वार्षिक सर्व्हिसिंग नेमकं तेव्हाच! का? तर फॅमिली सुट्टीवर इंडियाला गेलेल्या, चाव्या वॉचमनकडे, कटकट नाही. बंद हीटर, थंड पाणी, घरात माणूस नाही. थर्मोस्टॅट कसा तपासला? झोपलेल्या माणसाकडे बघून 'नजर चांगली आहे' असं लिहावं, तसा. वॉल्वचा खटका उचलून नळीतून पाणी येतं का, एवढं बघितलं असतं तरी प्लग सापडला असता. त्याला मिनिटही लागत नाही.

मी कार्ड घेऊन मॅनेजर वागळेसाहेबांच्या केबिनमध्ये शिरलो.

"साहेब, सगळे हीटर परत तपासायला हवेत. तापवून."

"कशाला? वर्षातून एकदा, असं काँट्रॅक्ट आहे. एकदा झालंय."

"झालं नाही. लिहिलंय."

"हबीबी, फुटला का? नाही ना? मग खलास. असं कर, नवीन कार्ड घे. जुलैची तारीख टाक, 'वॉल्व रिप्लेस्ड' लिही, सही कर."

"मी नाही करणार."

"तुझा व्हिसा कंपनीच्या हातात आहे, विसरू नकोस."

विसरलो नव्हतो. पण त्या आठवड्यात कंपाउंडमध्ये घरोघरी हीटर सुरू होणार होते. प्रत्येक घराला असंच 'ओके' चिकटलेलं होतं. आणि मला ते फेसाने भरलेले केस दिसत होते.

माझे वडील शिक्षक संघटनेची पत्रकं काढायचे, घड्या घालायचं काम माझं. त्या देशात परवानगीशिवाय पत्रक वाटणं म्हणजे गुन्हा, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी त्याला 'नोटीस' म्हटलं, कंपनीच्या लेटरहेडवर टाइप केलं आणि दारोदारी लावलं. इंग्रजी, हिंदी, उर्दू. उर्दू नजमाभाभींनी स्वतः लिहून दिली. मजकूर एवढाच: 'आम्ही येऊन तपासेपर्यंत हीटर चालू करू नका. कार्डावरच्या ओकेवर विश्वास ठेवू नका.'

दुपारपर्यंत कंपाउंडच्या मालकाच्या ऑफिसातले फोन थांबेनात. वागळेसाहेबांना अख्खी टीम पाठवावी लागली. प्लग आणखीही निघाले. महादूदादाने स्वतः फिरून ते काढले. निघालेला प्रत्येक प्लग तो खिशात टाकत होता. त्यानंतर सर्व्हिसिंग हिवाळ्यात होऊ लागलं. हीटर तापवून, घरातल्या माणसासमोर वॉल्व उचलून.

मला त्याच महिन्यात दुबईपासून लांब, रास अल खैमाच्या साइटवर पाठवलं. ऑर्डर हातात देताना साहेब म्हणाले, "घे. तुझीपण कंप्लेंट क्लोज."

धडा म्हणाल तर एवढाच. कंप्लेंट बंद होणं आणि धोका बंद होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला एक सही पुरते.

आता हे वाचून झालं की उठा. गीझरजवळची ती बारीक नळी शोधा. तिच्या तोंडात प्लग, बूच, चिंधी, काहीही असेल, तर स्वतः काढू नका. मेन स्विच बंद करा, पाणी थंड होऊ द्या, प्लंबरला बोलवा. आणि पुढच्या सर्व्हिसिंगला तो 'ओके' लिहायला लागला की त्याचा हात धरा. म्हणा, आधी वॉल्व उचलून दाखव, मग लिही.