मुरलीधरनं भादरलेली भिंत

लंडनजवळ पिनरला राहणाऱ्या मुरलीधर सबनीसची ही हकिकत मला त्याच्या बायकोनं, नीनावहिनींनी फोनवर सांगितली. ‘कुणाला बोलू नका’ म्हणाल्या. बोलत नाही, लिहितोय.

मुरलीधर कॉलेजात असताना पुण्याच्या ग्रुपबरोबर दर रविवारी गडावर जायचा आणि तटातली झाडंझुडपं उपटायचा. पुढे लंडनला तीस वर्षं आयटीत काढली, रिटायर झाला, तरी हातांची खाज गेली नाही. मग वेल्समधल्या कास्टेल डेरवेन नावाच्या पडक्या किल्ल्याच्या दुरुस्तीला व्हॉलंटियर म्हणून नाव घातलं. आठशे वर्षांपूर्वी कुणा वेल्श सरदारानं बांधलेला किल्ला. इंग्रजांनी जिंकला, कंटाळून सोडला, आणि मग गावानं त्याचे दगड नेऊन डुकरांसाठी घरं बांधली. इतक्या खानदानी घरात राहिलेली डुकरं दुसरीकडे नसतील.

तिथली मुख्य गवंडी नेरिस, साठीची, मोजकं बोलणारी. तिनं चार महिने ह्याला खाली दगड वेचायला बसवलं. ह्याला ध्यास एकच, वर भिंतीवर काम मिळावं. सप्टेंबरात एकदाचा होकार आला. त्या शनिवारी गडी सगळ्यांच्या तासभर आधी परांचीवर. बघतो तर भिंतीच्या माथ्यावर वीतभर गवत. बसला उपटायला. नेरिस येईपर्यंत चार मीटर भिंतीचं टक्कल करून ठेवलं होतं.

नेरिसनं थर्मास खाली ठेवला. ‘मर्ली, ते गवत मी लावलं होतं. एप्रिलमध्ये.’

तिकडे मातीसकट हिरवळीचे तुकडे कापून भिंतीच्या डोक्यावर अंथरतात. पाऊस आणि बर्फ ते झेलतात, दगडांच्या फटीत पाणी मुरत नाही.

‘मला वाटलं, तण आहे.’

‘मग विचारायचं होतंस.’

‘कुणाला? तू झोपली होतीस.’

नेरिस हसली नाही. ‘थंडीच्या आत भिंत झाकलीस तर वर राहशील. नाहीतर पुन्हा दगड वेच.’

उपटलेलं गवत तर मातीतून सुटून गेलं होतं. मग पाच शनिवार मुरलीधरनं खालच्या कुरणातून नवी हिरवळ कापली आणि पाट्या भरभरून वर वाहिली. मदतीला वहिनी. ‘अहो, घरचं लॉन कापायचं म्हटलं की तुमची कंबर धरते,’ त्या ऐकवत होत्या, ‘इथे बरी सुटली.’

‘तू पाणी घाल,’ मुरलीधर म्हणाला.

ऑक्टोबरअखेर शेवटचा तुकडा बसला. नेरिस वर चढली. सगळ्यात आधी लावलेल्या हिरवळीची शेंडी धरून तिनं ओढली. हलली नाही. पलीकडची ओढली. तीही नाही.

‘मुळं धरलीयत,’ ती म्हणाली. ‘वर राहा. पण ह्यापुढे माझ्या आधी यायचं नाही.’

आता दर शनिवारी हा माणूस गेटबाहेर गाडीत बसून नेरिसची वाट बघत असतो. वहिनींची तक्रार एवढीच, की आपली अशी वाट त्यानं लग्नाआधीसुद्धा कधी पाहिली नव्हती.