विहिरीतलं कासव

आमच्या चोपड्याकडच्या मळ्यातल्या विहिरीत एक कासव होतं. कासव असलं की पाणी नितळ राहतं म्हणतात, म्हणून माझ्या सासऱ्यांनी, आबांनी, ते हौसेनं आणून सोडलेलं. यंदा विहिरीनं तळ दाखवला. आबांनी कासवाला पाटीत घातलं आणि केळीच्या पाण्यासाठी केलेल्या शेततळ्यात नेऊन सोडलं. "आते बठ्ठं पानी त्यानंच शे," म्हणाले, म्हणजे आता सगळं पाणी त्याचंच. त्या दिवशी ते पोटभर जेवले.

शेततळ्याजवळच ठिबकचा फिल्टर आहे. तो धुवायचं काम माझं. घर माझं, गोठा माझा, मग फिल्टर तरी दुसऱ्याचा कशाला असेल? रोज सकाळी तिथे वाकले की कासव काठाकाठानं फिरताना दिसायचं. "कसं रमनं शे देख," आबा म्हणायचे. मलाही वाटायचं, मजा आहे बुवा एकाची.

एक दिवस कंबर धरली म्हणून तिथेच उभी राहिले आणि नीट पाहिलं. ते फिरत नव्हतं. काठाला यायचं, तळ्यात अंथरलेल्या काळ्या प्लास्टिकवर नखं मारायचं, अर्धं वर यायचं आणि घसरून परत पाण्यात. थोडं पुढे जाऊन पुन्हा तेच. विहिरीला दगडांच्या कपारी होत्या. इथे टेकायला एक खडा नव्हता. आता तर त्याला डोकं वर काढणंही जड जात होतं. मला एकदम रडूच आलं. कासवासाठी की आणखी कशासाठी, ते विचारू नका.

आबांना हाक मारली. ते बघत राहिले. चेहरा उतरला. "मरी जाई ना हाई," एवढंच बोलले.

घड उतरवलेल्या केळीची खोडं बांधावर पडलेली होती. दोघांनी मिळून ती ठिबकच्या जुन्या नळीनं एकत्र बांधली आणि तो तराफा पाण्यात ढकलला. कासव आधी लांब पळालं. माझा फिल्टर धुऊन होईपर्यंत मात्र ते वर चढलं होतं. चारही पाय पसरून, मान बाहेर टाकून, उन्हात नुसतं पडलं होतं.

मी चारा आणायला वळले. आबा बांधावर टेकले होते. सासऱ्यासमोर सुनेनं बसायचं नसतं, ही आमच्याकडची रीत. त्यांनी शेजारची माती हातानं झाडली.

"तू बी बस ना माय," म्हणाले.

लग्न होऊन या घरात आल्यापासून हे मला कुणी म्हटलंच नव्हतं. चारा राहिला. मी बसले.