बोटासंगं अक्षर

जूनमधला दुसरा मंगळवार, अकोट. वाचनालयात हजर: मी ग्रंथपाल, टायपिंगच्या परीक्षेला बसणारी संगीता आणि अकोल्याहून एसटीने आलेले दुरुस्तीवाले चाचा. त्यांचं नाव विचारायचं राहिलं.

आमच्या तिन्ही जुन्या संगणकांवर दाबलेलं अक्षर फार उशिरा उमटायचं. चाचांनी पेनड्राइव्हमध्ये दोन हलके लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी संगणक चालवणाऱ्या फुकट प्रणाली, आणले होते; काय काय हवं त्याची यादी मीच त्यांना दिली होती. त्यातला दिसायला देखणा मला आवडला. त्यांनी तो एका संगणकावर सुरू करून संगीताला टाइप करायला बसवलं आणि प्रत्येक अक्षरामागे ओठांतल्या ओठांत एक-दोन मोजत राहिले.

"दिसाले काय करता, बाई? पोरीच्या बोटासंगं अक्षर आलं पायजे."

"पास झाली तं नोकरी पायतो, चाचा. दोन साल कपाशी गेली," संगीता म्हणाली.

"आन नापास झाली तं मले शिव्या देशील!"

त्यांनी साधा लिनक्स बसवला. अक्षरं बोटांबरोबर आली, पण भलतीच. परीक्षेला जुन्या मराठी टाइपरायटरसारखी अक्षरांची मांडणी असलेला कीबोर्ड संगणकात बसवावा लागतो, आणि माझ्या भल्यामोठ्या यादीत नेमका तोच नव्हता. "शुक्रवारी आनतो," म्हणून चाचा थकल्या पायांनी बस गाठायला निघाले.

आज रविवार. चाचा आले नाहीत. परीक्षा बुधवारी आहे आणि कीबोर्ड बसवायचा बाकी आहे.