छबुबाईंची मेहल

पालीच्या छबुबाईंचं तोंड सुटलं की शेजारची म्हैस पान्हा चोरते, असं गावात म्हणत. नवरा गेल्यापासून दोन एकर रान त्या एकट्या ओढत होत्या आणि भांडणंही एकटीच्या बळावर करत होत्या. धाकटी जाऊ वनमाला हिच्याशी बांधावरच्या बाभळीवरून असं काही वाजलं की छबुबाईंनी भर चौकात शपथ घेतली, मेले तरी या गावात कुणाला इर्जिकीला बोलावणार नाही. इर्जिक म्हणजे शेजाऱ्यांनी मिळून एकाचं रान उरकायचं आणि त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं. बरं, ही शपथ कुणी मागितलीही नव्हती.

यंदा फेब्रुवारीत ज्वारी खणखणीत वाळली आणि नेमकं आभाळ भरून आलं. गावातले धडधाकट हात ऊसतोडीला कारखान्यांवर गेलेले. मागे राहिले म्हातारे, आणि त्यातल्या बहुतेकांशी बाईंचा अबोला. गारा पडल्या तर वर्षाची भाकरी मातीत जाणार होती. छबुबाई हबकल्या, पण शपथ ती शपथ.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. दीपमाला आयर्लंडात नर्स आहे. आईचं रडगाणं ऐकून ती म्हणाली, अगं, इर्जिकीसारखा एक जुना शब्द इथंही आहे, मेहल. फार पूर्वी तो मेथेल होता, बोलता बोलता ‘थ’ झिजून ‘ह’ उरला. मूळ अर्थ कापणी, त्यावरून कापणाऱ्यांची टोळी, मग आळीपाळीनं एकमेकांच्या रानात राबणारे शेजारी. आता तर कसल्याही कामाला माणसं एकत्र आली तरी मेहलच म्हणतात.

छबुबाईंना आधी हे फार आवडलं की तिकडचे लोकही आपल्यासारखीच अक्षरं खातात. मग त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. शपथ इर्जिकीची होती. मेहलीची कुणी घेतली होती?

पदर खोचून बाई निघाल्या. माजी सरपंच धर्मराज यांना सांगितलं, मेहल म्हणजे परदेशातला मान, मोठ्या माणसांनाच बोलावतात. भजनी मंडळाला सांगितलं, देवाचं काम आहे. गीताबाईंना म्हणाल्या, यानं गुडघे मोकळे होतात, लेक दवाखान्यात आहे, ती खोटं कशाला सांगेल? हलगीवाल्या बंकटला बजावलं, वाजवणारा नसला तर मेहल लागतच नाही. वनमालाचं दार तेवढं त्यांनी मान फिरवून टाळलं.

सकाळी रान माणसांनी फुलून गेलं. धर्मराज तर फेटा बांधून आले. हलगी कडाडली, कुणीतरी कापणीच्या गाण्याची भलरी धरली आणि म्हातारे ईर्ष्येनं ज्वारीची ताटं उपटू लागले. गीताबाई गुडघ्यांना विसरून सगळ्यांच्या पुढं निघाल्या. धर्मराजांनी थोडा वेळ ताटं उपटली, घाम पुसला आणि शांतपणे म्हणाले, “काकू, ह्याला आमी इर्जिक म्हंतो.”

छबुबाईंनी ऐकलंच नाही असं दाखवून त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. अख्खं रान हसत सुटलं. बंकटच्या हातून टिपरी पडली आणि भजनी मंडळ पोट धरून सरीत बसलं. पण घरी कुणी गेलं नाही. येसर आमटीचा वास चुलीवरून थेट नाकात येत होता, हेही खरं.

दुपारी वारा सुटला. अजून निम्मं रान उभं होतं आणि हात थकले होते. छबुबाईंनी मान वर केली, तर बांधावर वनमाला उभी.

“अक्का, समद्या गावाला बोलावलं,” ती म्हणाली. “मेहल म्हंजी काय असतंय ते?”

प्रत्येक दारात नवा अर्थ सांगून आलेल्या बाईंना आता एकही सुचेना. 

“मला एकटीला जमंना,” त्या म्हणाल्या. “असा अर्थ हाय त्याचा.”

 वनमालानं पदर खोचला आणि छबुबाईंच्या शेजारची ताटांची पात धरली.