टायची गाठ

इस्त्रीच्या गरम कापडाचा वास आला की ती सकाळ आठवते. औषध कंपनीत नवा लागलो होतो. टायशिवाय डॉक्टरांसमोर जायचं नाही, असा नियम. मला टाय बांधता येत नव्हता, म्हणून मित्रानं मारून दिलेली गाठ मी कधी सोडतच नसे. आईनं ती सोडून टाय धुतला, इस्त्रीही करून ठेवला. मी ओरडलो. बसची वेळ झालेली. "गाठच हाय ना? आन इकडं," म्हणत तिनंच बांधला. अंबाजोगाईच्या दवाखान्यात सोबत आलेल्या कंपनीच्या साहेबांनी टाय नीट करायला गाठ धरून ओढली. हलेना. "ही वासराच्या दाव्याची गाठ हाय. कुणी मारली रे?" "आईनं." साहेबांनी हात काढला. "ऱ्हाऊ दे. हिनं गळ्याला फास बसत न्हाई." आता टाय मीच बांधतो. ओढला की आवळतो.