आबांच्या खळ्यावरचं कच्चं लिंबू

सोनगीरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी हिलाल आबांचं खळं होतं. ज्वारी-बाजरीची मळणी होऊन धान्य घरी गेलं की चैत्रापासून ते रिकामं पडायचं. दुसऱ्या कुणी त्यात गुरं बांधली असती, कडबा रचला असता. आबा मात्र ते शेणानं सारवून घ्यायचे, चुलीतली राख आणून भोवती गोल रेघ ओढायचे, आणि निंबाखालच्या दगडावर बसून म्हणायचे, "या रे बठ्ठा."

आम्ही बठ्ठे, म्हणजे गल्लीतली झाडून सगळी पोरं, तयारच असायचो. लंगडीला असं मैदान धुळ्यातसुद्धा नसेल, असं आम्हांला वाटायचं. धुळं आमच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं, तो भाग वेगळा.

आबा पंच. कुणाचा पाय टेकला, कुणी राखेबाहेर गेलं, कुणाला हात लागला, ते आबा सांगायचे आणि ते सांगतील ते खरं. गावात त्यांना कुणी पंच नेमलं नव्हतं. पाटलाच्या ओट्यावर त्यांना कुणी विचारायचं नाही, कारण हा माणूस तोंडावर बोलतो हे सगळ्यांना माहीत होतं. आमच्या खळ्यावर मात्र त्यांच्याशिवाय पान हलत नसे.

खोटं बोलणाऱ्याला आबा मारत नसत, खळ्याबाहेरही काढत नसत. त्यांची रीत निराळी होती. एकदा गिरधरचा पाय टेकला आणि तो आईची शपथ घेऊन नाही म्हणाला. आबा म्हणाले, "बरं. नही टेकना. आते तू कच्चं लिंबू."

कच्चं लिंबू म्हणजे काय हे मराठी मुलांना सांगायला नको. अगदी लहान भावंडं मागे लागली की त्यांना खेळात घ्यायचं, पण धरायचं नाही. ती बाद होत नाहीत आणि त्यांचा हात लागला तरी कुणी बाद होत नाही. चांगला दहा वर्षांचा घोडा झालेला गिरधर आधी खूष झाला. रेघेवर नाचला, लंगडी घालणाऱ्याच्या पुढ्यात जाऊन वाकुल्या दाखवल्या. कुणी त्याच्याकडे बघितलंच नाही. मग तो मध्येच उभा राहिला. आम्ही त्याला वळसा घालून पळत होतो. दिवे लागायच्या आधी तो आबांपुढे येऊन रडत म्हणाला, "आबा, टेकना व्हता पाय." आबांनी त्याच्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाले, "जा, खेळ."

मी तेव्हा आबांना विचारलं होतं, त्याला हाकलूनच का नाही दिलं? मला हाकलून देण्याची फार हौस होती. आबा म्हणाले, "हाकलं ते तो घर जाई आन् म्हनी, मी जिंकनू. समोरचा हारलाच नही, ते हाऊ जिंकना कसा? ते त्याले आठेच, खळावरच समजाले पाहिजे."

अशा माणसाची लेक सात-आठ वर्षं माहेरी आली नव्हती, आणि तीही त्यांच्या खऱ्या बोलण्यापायीच.

कमल ही त्यांची एकुलती लेक. आबांची बायको लवकर गेली, कमलला त्यांनीच वाढवलं. शिरपूरकडच्या एका घरी तिला दिली. लग्नात नवरदेव दमणीत बसून आला, पुढे पांढरीशुभ्र बैलजोडी. नवरदेवाचा काका, चुडामण नाना, मिशीवरून हात फिरवत सांगत सुटला की ही जोडी आमच्या घरच्या दावणीची. आबा गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं? पण त्यातल्या एका बैलाचा कान फाटलेला होता, आणि बाजारात शेजारगावच्या पाटलाशी त्याच बैलाचा सौदा करताना आबांनी तो कान हातात धरून पाहिला होता. भर मांडवात ते म्हणाले, "नाना, हाई जोडी ते तुमना शेजारना गावना पाटीलनी शे." वऱ्हाडी हसले. व्याही हसले नाहीत. लग्न लागलं, पण त्यानंतर कमलला धाडणं बंद झालं.

आखाजी हा खान्देशातल्या लेकींचा सण. अक्षय्य तृतीयेला सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाच्या फांद्यांना झोके बांधतात, गाणी म्हणतात. गडी माणसं पत्ते कुटत बसतात आणि त्या चार दिवसांत त्यांना कुणी बोलत नाही. लेकीला आणायला मुराळी जातो; भाऊ नसेल तर बापच जातो. आबा दर वर्षी मुराळी म्हणून गेले आणि दर वर्षी दारातूनच एकटे परत आले. तरी झोका बांधायचेच. त्या रिकाम्या झोक्यावर आम्ही पोरं बसायचो. आमचा झोका उंच गेला की आबा तोंड फिरवायचे.

त्या वर्षी नात्यातल्या कुणा म्हाताऱ्यानं मध्यस्थी केली. कमलच्या सासूबाईंनी धाडायचं कबूल केलं, पण दारातच बजावलं: पोरीला घेऊन जा, मात्र तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं कळलं तर पुढच्या वर्षी दाराशी येऊ नका. पोरगी म्हणजे पुष्पी, कमलची मुलगी. आबांनी नातीला तोवर पाहिलंसुद्धा नव्हतं.

पुष्पी गल्लीत आली तशी राणी होऊन आली. गावाच्या लेकीची लेक म्हणजे सगळ्या गावाची भाची, आणि आमच्याकडे भाचीच्या पाया पडतात. पांढऱ्या मिशांची माणसं वाकून त्या एवढ्याशा पोरीच्या पावलांना हात लावत होती. आया आम्हांला सांगत होत्या, भाची आहे, दुखवायची नाही. आबा तर वेडेच झाले होते. तिला खांद्यावर घेऊन किल्ल्यापर्यंत जाऊन आले. हसायला लागले की त्यांचे पडलेले दात दिसत, आणि ते त्या चार दिवसांतच आम्हांला कळलं.

दुसऱ्या दिवशी पुष्पी खळ्यावर आली. तिच्यावर लंगडी आली. ती चपळ होती, खोटं कशाला सांगू. मी राखेच्या कडेनं पळत होते, ती माझ्या मागे. मी एकदम वळले, तिचा तोल गेला, आणि तिचा उचललेला पाय सारवलेल्या जमिनीवर चांगला पडला. मग तिनं मला हात लावला.

"पाय टेकना!" मी ओरडले. "पुष्पीना पाय टेकना!"

"नही टेकना," पुष्पी म्हणाली आणि तिचा ओठ थरथरला. घरी काकालोक तिला मुद्दाम जिंकू देत, हे पुढे कमलकडून कळलं. खेळात कुणी आपल्याला नाही म्हणतं, हेच तिला नवीन होतं.

मी आबांकडे वळले. आबा सरळ आमच्याकडेच बघत होते. मध्ये कुणी आडवं नव्हतं. पाणी आणायला आलेली कमल घागर घेऊन निंबाखाली थांबली होती.

"आबा, तुम्ही सांगा."

आबांनी पुष्पीच्या डोळ्यांकडे पाहिलं. ते भरत आले होते. आबा खाली बघत म्हणाले, "नही टेकना. मंजुळी, तू बाद."

मी बाद झाले. मला त्या क्षणी आबांचा इतका राग आला की रडूही येईना. घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, भाचीसाठी एवढं सोसलं तर काय झालं. सगळ्या गावाला ती भाचीच दिसत होती. मी खोटारडी ठरले होते, ते कुणालाच दिसत नव्हतं.

पुढच्या दिवशी आम्ही खळ्यावर गेलो. कुणी काही ठरवलं नव्हतं. पण पहिला वाद झाला तेव्हा गिरधर आणि दुसऱ्या पोरानं आपसात मिटवला. पुढचाही तसाच. "आबा, तुम्ही सांगा" असं कुणी म्हणेचना. एकदा आबा स्वतःहून म्हणाले, "तो रेघना बाहेर गया व्हता." आम्ही ऐकलं आणि खेळत राहिलो. ते निंबाखाली नुसते बसून राहिले. आम्ही त्यांचीच रीत त्यांना लावली होती.

आणि पुष्पी? तिच्यावर लंगडी आली की पोरं आपण होऊन तिच्यापुढे उभी राहत, घे, लाव हात. ती पळत असली की तिच्या वाटेला कुणी जाईना. ती रेघेबाहेर गेली, मुद्दाम गेली, तरी कुणी बाद म्हणेना. थोड्या वेळानं ती आबांजवळ जाऊन बसली.

"आबा, माले कोनी धरतच नही."

ही गोष्ट सांगताना कमल पुढे म्हणायची, आबांचा चेहरा तेव्हा तिच्या लग्नानंतर पाठवणी करताना झाला होता तसा झाला. पाणी घेऊन चाललेली कमल घागर खाली ठेवून धावतच आली. तिला बापाचा स्वभाव माहीत होता. हळूच म्हणाली, "आबा, ऱ्हाऊ द्या. पोर रडत गयी ते सासू परत धाडाव नही."

"मालूम शे," आबा म्हणाले.

ते उठले. धोतराचा सोगा खोचून राखेची रेघ ओलांडून मधोमध आले. खेळ थांबला.

"काल पुष्पीना पाय टेकना व्हता," ते म्हणाले. "मी देखा व्हता. मंजुळी खरं बोलनी. मी खोटं बोलनू." मग पुष्पीकडे वळून अगदी मऊ आवाजात म्हणाले, "बेटा, म्हनीसन तुले कोनी धरत नही. तुना दोष नही, मना शे."

त्यांनी एक पाय उचलला आणि लंगडी घालत खळ्याला फेरी मारायला लागले. डाव चुकवणाऱ्याला आम्ही तीच शिक्षा देत असू. म्हाताऱ्याला दम लागत होता, पागोटं सुटत होतं. आम्ही हसलो नाही. मला तर त्यांना जाऊन धरावंसं वाटत होतं. आपण खरे ठरलो याचा आनंद मला व्हायला हवा होता, पण तो झाला नाही.

पुष्पी मोठ्यानं रडली. सगळ्यांसमोर आजोबानंच आपल्याला बाद केलं! ती आईच्या पदरात तोंड खुपसून घरात गेली आणि जायच्या दिवसापर्यंत आबांशी बोलली नाही. आबांनी आंब्याचा रस पुढे केला तर वाटी सरकवून दिली. आबा एकटेच झोक्याच्या दोरीशी उभे असत.

निघायच्या दिवशी त्यांच्या गाडीत मीही बसून आग्रा रोडपर्यंत गेले. मोटर यायची होती. वाट बघून कंटाळलेली पुष्पी एका बाभळीखाली उभी होती. मोटर आली. कमल गाठोडी चढवायला लागली, कंडक्टर घाई करत होता. पुष्पीनं एक पाय उचलला आणि बाभळीपासून मोटरीपर्यंत लंगडी घालत निघाली. दाराजवळ खडीत तिचा तोल गेला, पाय टेकला. कमलची पाठ होती. कंडक्टर वर टपावर बघत होता. आबांनी पाहिलं, मी पाहिलं, पण आम्ही दोघं काही बोललो नाही.

पुष्पी थांबली. पायाकडे बघितलं. मग वळली आणि धावत परत बाभळीपाशी गेली.

"अहो आजोबा, नातीला आवरा," कंडक्टर ओरडला. "गाडी सुटायची आहे."

"थांबा साहेब," आबा म्हणाले. "तिना डाव चालू शे."

ती पुन्हा पहिल्यापासून आली. दाराच्या दांडीला हात लावला, आबांकडे पाहिलं आणि म्हणाली, "आते नही टेकना." त्या सणात ती त्यांच्याशी शेवटचं बोलली ते एवढंच. मोटर गेली. आबा धुळीत कितीतरी वेळ उभे होते.

पोर रडली हे सासूबाईंना कळणारच होतं. लहान पोरीच्या पोटात काय राहतं? पुढचं अख्खं वर्ष आबांनी त्याच धास्तीत काढलं. आखाजी आली तेव्हा त्यांनी झोका बांधला, पण जायला पाय उचलेना. आम्हीच मागे लागून त्यांना पाठवलं.

व्याहीणबाई दारातच उभ्या होत्या. आबांनी मान खाली घातली. बाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला, आबा पाणी प्यायले. मग व्याहीणबाईच म्हणाल्या, "पुष्पीनी माले बठ्ठं सांगं. तुम्ही खोटं बोलनात आन् मंग खरं बोलनात."

आबांनी रिकामा तांब्या खाली ठेवला.

"त्या लगीनमातले बैल," त्या म्हणाल्या, "पाटीलकडथून मांगी आनेल व्हतात."

आणि आत वळून त्यांनी हाक मारली, "पुष्पी, तुनं गाठोडं आन. आबा लेवाले उनात."